शोकसभा आणि शिधा

गेल्या पावसाळ्यात चिंचवडातील एका शाळेत भरलेल्या शोकसभेस आम्ही उपस्थित होतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जे तेथे घडले ते कोणत्याही शाळेत घडते, आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे अवश्य वाटते. गणित शिकविणारे एक शिक्षक, वय अवघे ३६ वर्षांचे, रात्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून निजले ते सकाळी उठलेच नाहीत. मागे पत्नी, दुसरीत शिकणारी मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. सभागृह भरून माणसे व्हरांड्यात उभी होती. चाकणच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून तसेच आलेले जुने विद्यार्थी त्यांत होते, भोसरीत स्वतःचे लहानसे वर्कशॉप चालविणारे होते, आणि ज्यांना अद्याप मिसरूडही फुटले नव्हते अशी नववीतील मुलेही होती. इतक्या माणसांचे डोळे एकाच वेळी ओले झालेले आम्ही फार दिवसांनी पाहिले.

आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने हलक्या आवाजात एक गोष्ट सांगितली. सर चुकलेले गणित तांबड्या शाईने खोडीत नसत. चूक ज्या पायरीवर सुरू झाली असेल तेथे फक्त एक टिंब देत आणि वही परत करीत. पुढचे शोधणे मुलाचे काम. "त्या टिंबाची भीतीही वाटे आणि आम्ही त्याची वाटही पाहत असू," असे तो म्हणाला. हा तरुण वक्त्यांच्या यादीत नव्हता. ज्यांची नावे यादीत होती त्यांनी सांगितले की, कैलासवासी सर म्हणजे त्यागाची मूर्ती, ज्ञानयज्ञातील समिधा, स्वतः जळून इतरांस प्रकाश देणारी पणती. त्यानंतर ठराव झाले. सरांचे तैलचित्र लावावे. त्यांच्या नावे वक्तृत्वस्पर्धा सुरू करावी व विजेत्यास फिरता करंडक द्यावा. मुलीच्या हातून तसबिरीस हार घालविण्यात आला. दोन मिनिटे सर्वांनी स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहिली आणि सभा संपली. त्या घरात पुढच्या महिन्याचे वाणसामान कोठून यावयाचे, हा प्रश्न दीड तासात कोणीही विचारला नाही.

आम्हीही विचारला नाही, हे प्रथमच कबूल करतो. या लेखातील पुष्कळसा राग आमच्या स्वतःवरच आहे.

आमचा रोख अश्रूंवर नाही. ते खरे होते. आमचे म्हणणे इतकेच की, शिक्षकाच्या अकाली मृत्यूनंतर आम्ही जी भाषा वापरतो ती त्याच्या मुलांच्या हिताच्या आड येते. 'त्याग' हा शब्द एकदा उच्चारला की हिशेब मागणे अशिष्ट ठरते. ज्याने सर्वस्व दिले त्याच्या घरी काय उरले, असे विचारणे म्हणजे त्याच्या थोरवीस उणेपणा आणणे, असा समज पसरतो. आणि ज्यांनी तो हिशेब द्यावयाचा ते सुखाने टाळ्या वाजवून घरी जातात. हा शब्द मृताच्या गौरवासाठी योजलेला दिसतो. प्रत्यक्षात तो जिवंतांच्या सोयीचा आहे.

महाराष्ट्रास ही सवय आजकालची नाही. आमच्या थोर शिक्षकांची मालिका पाहावी. एल्फिन्स्टन संस्थेत शिकविणारे आणि 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली वारले, तेव्हा त्यांचे वय ३४ वर्षांचे. न्यू इंग्लिश स्कूलचे संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर १७ मार्च १८८२ रोजी गेले. शाळा सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती आणि शास्त्रीबोवांना अद्याप ३२ वे वर्ष संपावयाचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य, कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली चौतिशीत गेले. त्यांच्या जागी आलेले गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले, वयाच्या ३८ व्या वर्षी. अर्ध्या शतकात चार माणसे, आणि चाळिशी एकानेही पाहिली नाही. अन्य कोणत्या समाजाने अशा नोंदीकडे पाहून विचारले असते की, आम्ही आमच्या शिक्षकांना वागवितो तरी कसे? आम्ही विचारले नाही. आम्ही त्यांच्या पुण्यतिथ्या ठरविल्या.

आगरकरांविषयी एक आख्यायिका सांगतात. मृत्यूनंतर त्यांच्या उशाखाली एक पुडी सापडली. तीत अंत्यविधीच्या खर्चापुरते थोडे रुपये बांधून ठेवलेले होते. ही गोष्ट आम्ही लहानपणी वर्गात ऐकली आणि त्या वयात आमचाही कंठ दाटून आला. आज ती पुन्हा आठवली की निराळाच विचार येतो. चितेची व्यवस्था मरणाऱ्याने स्वतः करून ठेवावी, हा प्रसंग त्यांच्या मनाच्या मोठेपणाचा खरा; परंतु भोवतालच्या समाजाच्या मोठेपणाचा तो खचित नव्हे. तरीही शंभर वर्षे आम्ही ती कथा अशा थाटात सांगत आलो की, जणू त्या पुडीचे श्रेय आमचेच आहे.

वस्तुतः ही मंडळी त्यांच्या स्तुतिपाठकांहून कितीतरी शहाणी होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी मासिक ७५ रुपयांवर आयुष्य वाहण्याची शपथ घेतली, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच व्यवस्थेत प्रत्येक सभासदाचा तीन हजार रुपयांचा आयुर्विमाही उतरविला जाई, ही गोष्ट भाषणांत येत नाही. दारिद्र्याचे व्रत घेणाऱ्यांनीही मनाशी हे स्पष्ट ठेवले होते की, व्रत आपले आहे, बायकामुलांचे नाही. पुढे वेतन आणि बाहेरील प्राप्ती यांवरून त्या संस्थेत वाद पेटले, १८९० साली टिळक बाहेर पडले, हे सगळे इतिहासात नमूद आहे. पैशाविषयी उघडपणे भांडण्याने त्यांच्यापैकी कोणाचीही थोरवी कमी झाली नाही. मग आजच्या शोकसभेतच पैशाचा उच्चार निषिद्ध का?

शास्त्रीबोवा गेले तेव्हा त्यांच्या शाळेतील एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' नावाचे काव्य रचले. हा विद्यार्थी म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले कादंबरीकार हरि नारायण आपटे. अठराव्या वर्षी माणसाने विलाप करावा हेच योग्य. त्याच्या हाती दुसरे काही नसते. परंतु हरिभाऊ विलापावर थांबले नाहीत. दुसऱ्या एका शिक्षकाच्या मृत्यूनंतर त्यांनी वेगळे काम केले, आणि तो दुसरा मृत्यू आमच्या विषयाशी फारच निकटचा आहे.

कृष्णाजी केशव दामले हे नाव घेतले तर पुष्कळ वाचक क्षणभर थबकतील. केशवसुत म्हटले की सर्व ओळखतील. या विसंगतीतच आमची तक्रार आली. केशवसुत हे कवी, युगप्रवर्तक, 'तुतारी' फुंकणारे. कृष्णाजी केशव हे शाळामास्तर, आणि मास्तराचेच चिरंजीव. १८६६ साली जन्म. न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ साली, तेविशीत, मॅट्रिक. नंतर मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या, आज आहे आणि उद्या नाही अशा नोकऱ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि मुंबई सुटली. मग खानदेशात भडगाव, तेथून फैजपूर, आणि १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक. स्थिर जागा मिळाली म्हणावे तो १९०५ च्या ऑक्टोबरअखेर आप्तांच्या भेटीस हुबळीस गेले, आणि ज्या प्लेगने मुंबई सोडावयास लावली त्यानेच तेथे गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते वारले. वय ३९. त्यानंतर आठ दिवसांत त्यांच्या पत्नीही त्याच साथीत गेल्या. मागे तीन मुली राहिल्या.

आमच्या चिंचवडास प्लेगची आठवण निराळ्या कारणाने आहे. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू याच गावचे. त्यांचे स्मारक येथे आहे आणि ते असणे योग्यच आहे. प्लेगने पेटविलेला संताप आम्ही जतन केला. प्लेगने पोरकी केलेली मुले मात्र कोणाच्याच स्मरणात राहिली नाहीत. त्यांच्यासाठी शिळा बसत नाही आणि मिरवणूकही निघत नाही.

केशवसुतांची कोणती कविता कोठे व केव्हा लिहिली गेली, हे आमच्या अभ्यासकांनी कसोशीने शोधले आहे. 'तुतारी' १८९३ ची, 'आम्ही कोण?' फैजपूरची, १९०१ ची. त्यांच्या जन्मतिथीविषयीही वाद झडले. परंतु आईबाप आठवड्याच्या अंतराने गेल्यावर त्या तीन मुली कोणाच्या ओसरीवर वाढल्या, कोणी त्यांच्या वेण्या घातल्या, कोणी त्यांना अक्षरे गिरवावयास बसविले, हा प्रश्न आम्ही दिलेल्या किंवा काढलेल्या एकाही प्रश्नपत्रिकेत आम्हास आढळला नाही. ज्या आप्तांनी हे केले असेल त्यांनी मराठी कवितेवर मोठे उपकार केले. त्यांच्या नावे पुण्यतिथी नाही.

हरिभाऊंनी काय केले? त्यांनी केशवसुतांच्या विखुरलेल्या कविता एकत्र केल्या आणि १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. अठराव्या वर्षी ज्याने शिक्षकासाठी रडून घेतले, त्याने पन्नाशीनंतर दुसऱ्या शिक्षकाचे कागद जमा केले. विलाप एका बैठकीत होतो. कागद जमा करावयास माणसास पुन्हा पुन्हा उठावे लागते. केशवसुत आज आम्हास आहेत ते या दुसऱ्या प्रकारच्या स्मरणामुळे. मालगुंडचे स्मारक १९९४ साली उभे राहिले ते उचितच झाले. परंतु हरिभाऊंनी कागद जपले नसते तर स्मारक कोणाचे बांधावयाचे, हाच प्रश्न पडला असता.

येथे कोणी म्हणेल की, ही सर्व प्लेगच्या आणि पारतंत्र्याच्या काळातील रड झाली. आता कायदे आहेत, योजना आहेत, भविष्यनिर्वाह निधी आहे. या पूर्वपक्षाचा थोडा विचार करू.

आमचे हे शहर कारखान्यांचे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आला आणि त्यामागून मोटारी, दुचाक्या, सुटे भाग यांचे कारखाने आकुर्डीपासून चाकणपर्यंत पसरले. येथील कामगारास ग्रॅच्युइटी म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. १९७२ च्या कायद्याने ती दिली. आणि पाच वर्षांच्या नोकरीची अट कामगाराच्या मृत्यूच्या बाबतीत त्या कायद्याने मुळातच ठेवली नव्हती. कायदा करणारांना हे समजत होते की, मृत्यू पाच वर्षे थांबत नाही. हाच कायदा १९९७ साली शाळांना लागू झाला. परंतु शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने 'कर्मचारी' आहे काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००४ साली उत्तर आले की, नाही. कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचा, देखरेखीचा, तांत्रिक, कारकुनी अशा कामांची जी यादी कायद्यात होती तीत शिकविण्याचे काम बसत नव्हते. 'आम्ही कोण?' हे शीर्षक एका शाळामास्तराने १९०१ साली कवितेस दिले. एकशे तीन वर्षांनी देशाच्या न्यायासनाने तोच प्रश्न शब्दार्थाने घेतला आणि यादीत पाहून सांगितले की, तुम्ही कोणीच नाही. न्यायालयास दोष देता येत नाही. त्याने कायदा होता तसा वाचला. दोष आम्हा सर्वांचा की, यादी करतेवेळी शिक्षक कोणास आठवला नाही. पणती म्हणावयाची सवय झाली की, पणतीस पोटगी लागते हे सुचावे कसे?

२००९ साली संसदेने ही चूक दुरुस्त केली, आणि ती १९९७ पासून लागू केली. त्या दुरुस्तीसही खाजगी शाळांनी आव्हान दिले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. म्हणजे लेथवर काम करणाऱ्यास १९७२ साली जे मिळाले ते, त्या लेथचे गणित ज्याने शिकविले त्याला निर्विवादपणे मिळण्यास पन्नास वर्षे लागली. आणि ज्यांनी इतकी वर्षे त्याविरुद्ध वकील दिले त्यांच्याही सभागृहांत पणतीची भाषणे झाली असतील, याविषयी आम्हास शंका नाही.

निवृत्तिवेतनाचीही तीच गत. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नेमलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली, आणि तिच्याबरोबर कुटुंबनिवृत्तिवेतनाचा जुना आधारही गेला. म्हातारपणाची काळजी तरुणास दूरची वाटते. परंतु तिशीत मरणाऱ्याच्या घरास हा घाव त्याच दिवशी बसला. राज्यातील कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या मार्चमध्ये संप केला तेव्हा कोठे त्या महिन्याच्या अखेरीस सेवेत वारलेल्या शासकीय कर्मचाऱ्याच्या कुटुंबासाठी निराळा निर्णय झाला. मधल्या सतरा वर्षांत जी घरे उघडी पडली त्यांचे काय? शिक्षणसेवकाचे मानधन प्राथमिक शाळेत महिना सहा हजार होते, ते २०२३ च्या जानेवारीपासून सोळा हजार झाले. ज्याने तीन वर्षे सहा हजारांवर संसार केला त्याने विमा उतरविला नाही म्हणून त्यास बेफिकीर कोणी म्हणावे? आणि वर्षावर्षाच्या करारावर राबणाऱ्या खाजगी शाळांतील शिक्षकांचा विचार केला, तर आगरकरांची पुडीदेखील ऐश्वर्य वाटू लागते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक सोज्ज्वळ आहे. कोणी म्हणतील की, गुरूचे नाते पैशापलीकडचे. शोकाच्या प्रसंगी रुपयांची भाषा हीन वाटते. आमच्या परंपरेत असे कधीच नव्हते. जुन्या गावातील पंतोजीस मुलांच्या घरून शिधा जात असे. तांदूळ, डाळ, गूळ मोजून दिला जाई आणि मोजून घेतला जाई. त्याने नमस्कार अपवित्र होत नसे. शिधा देणारी बाई पंतोजीच्या घरी किती तोंडे आहेत हे जाणून असे, म्हणूनच ती सूप भरून देई. आम्ही शिध्याचे वेतन केले, ते ठीक झाले. वेतनाबरोबर तोंडे मोजणे सोडले, ते वाईट झाले. पैशाची भाषा हीन नाही. हीन आहे ते, घरातील माणूस गेल्यावर विधवेस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे कागद घेऊन एकटीने हिंडावयास लावणे आणि त्याच वेळी सभागृहात तिच्या पतीस ऋषी म्हणणे.

तर करावे काय? शासनाने आणि संस्थांनी आपले कर्तव्य करावे, हे उघड आहे, आणि त्यासाठी भांडावे. परंतु जे उद्या सकाळी करता येते ते आमच्या हाती आहे. शोकसभेतील पहिला ठराव तैलचित्राचा नसावा. घरात मुले किती, आणि त्यांचे शिक्षण कोठवर न्यावयाचे; कायद्याने या घरास काय काय येणे आहे, आणि ते मिळेपर्यंत कचेरीच्या पायऱ्या कोण चढणार; जमेल तो निधी कोणाच्या सहीने राहील, आणि त्याचा हिशेब दरवर्षी कोणत्या तारखेस वाचला जाईल, या तीन गोष्टी नावानिशी ठरल्याखेरीज हारास हात लावू नये. ज्या मुलांना त्या सरांनी गणित शिकविले ती आज तळवड्यात आणि चाकणात महिन्याला बरे कमावतात. त्यांच्यातील तीस जणांनी थोडे थोडे दिले तरी दोन वर्षांचे ते मूल मोठे होऊन कॉलेजात जाईपर्यंत घर चालेल. हा उपकार नव्हे. टिंब दाखविल्यावर चूक सुधारणे विद्यार्थ्याचे काम, हे त्यांस शिकविलेलेच आहे.

आणखी एक देणे आहे, आणि ते पैशाने फिटण्यासारखे नाही. दोन वर्षांच्या त्या मुलास आपल्या वडिलांचा आवाज आठवणार नाही. मुलगी दुसरीत आहे. तिला काही आठवेल, पुष्कळ पुसट होईल. तो आवाज आज कोठे आहे? तो त्या दोनतीनशे विद्यार्थ्यांच्या कानांत आहे. मुलांचा वारसा परक्यांच्या जवळ ठेव म्हणून राहिला आहे, आणि ठेव परत करावी लागते. उद्या ते मूल विचारील, माझे बाबा कसे होते? तेव्हा त्यागाची मूर्ती होते, असे सांगून त्याला काय मिळणार? मूर्तीच्या मांडीवर बसता येत नाही. त्याला हे सांगावयास हवे की, तुझे वडील चुकलेले गणित खोडीत नसत. ते टिंब देत. हसताना ते कसे हसत, फळ्यावर आकृती काढताना कोणत्या हाताने काढीत, कोणावर रागावले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कसे बोलले, हे ज्याला जे आठवते त्याने ते साध्या शब्दांत, तारखेनिशी, लिहून त्या घरी नेऊन द्यावे. केशवसुतांची कविता राहिली. वर्गात मराठी शिकविणाऱ्या कृष्णाजीपंतांचा आवाज धारवाडच्या मुलांबरोबरच गेला. ज्या तीन मुलींचा त्यावर पहिला हक्क होता त्यांना तो पुरता कोणी परत दिला असेल, असे वाटत नाही.

विशेषणांनी दोन्हीकडून लुबाडणूक होते. त्यांच्यामुळे घराचा शिधा मागे राहतो, आणि मुलांचा बाप त्यांच्याआड दिसेनासा होतो. आमच्या चुकीस सुरुवात कोणत्या पायरीवर झाली, हे आता शोधावयास नको. टिंब 'त्याग' या शब्दाखाली आहे.

सभेनंतर तिसऱ्या आठवड्यात आम्ही व्हरांड्यातील त्या तरुणास गाठले. त्याने आपल्या तुकडीतील अकरा जणांची नावे एका वहीत लिहून काढली होती, आणि एका रजेच्या दिवशी सरांच्या घरचे कागद घेऊन तो कचेरीत जाऊनही आला होता. काम झाले नव्हते. पुन्हा बोलाविले होते. वहीचे मागचे पान त्याने आठवणींसाठी ठेवले आहे. ते अद्याप कोरेच होते. आम्ही आमचे नाव बारावे लिहिले.